पिट्ठूतले देव

कापसाच्या जिनातून सुटी झाली की नत्थू ताकसांडे सरळ घरी जात नसे. फाटकाबाहेर कडुनिंबाखाली एक सपाट दगड होता, त्यावर आधी बसायचा. केसांत, भुवयांत, कानांत रुई चिकटलेली असायची. ती झटकण्याचेही कष्ट तो घेत नसे. सोबतचे हमाल म्हणायचे, "चाल ना गा, घरी काय कोणी हाकलून देते?"

"तुमी व्हा पुढं," नत्थू म्हणायचा. "खांदा मागून येऊन राह्यला."

पुलगावच्या त्या जिनात तो रुईचे बोजे वाहायचा. जिनघरातून उचलायचे, आवार ओलांडून गाठी बांधायच्या प्रेसपाशी टाकायचे, परत जायचे. बोजा दोरीने बांधलेला, आकार धड नाही. तो पाठीवर आला की सगळा भार मानेच्या मुळाशी जायचा आणि माणूस आपोआप जमिनीकडे बघायला लागायचा. पस्तिशीतच नत्थूची चाल तशी झाली होती. पाठीवर काही नसतानाही तो खालीच बघत चालायचा.

ओझं वाहायची दुसरी रीत त्याला माहीत होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो महार पलटणीत भरती झाला होता. तिथे पहिल्यांदा किट मिळालं तेव्हा हवालदार उस्तादाने त्याला सगळं अंगावर चढवायला लावलं. जाड विणीच्या सुती पट्ट्यांचा तो संच. कमरेला रुंद पट्ट्याची पेटी, पेटीला पुढून काडतुसांच्या दोन थैल्या, थैल्यांपासून निघून पाठीवर फुली मारत मागे पेटीला अडकणारे दोन खांदपट्टे, एका कुशीला संगिनीचं घर, दुसऱ्या कुशीला पाण्याची बाटली, आणि पाठीवर चौकोनी पिट्ठू. पट्टे आवळायला पितळी बकलं, पण त्यांना काटा नाही. पट्टा बकलातून तिरका घालून ओढला की तो स्वतःच्याच ताणाने अडकतो, आणि ओझं वाढेल तशी पकड वाढत जाते.

उस्तादाने त्या दिवशी सकाळभर त्याला सोडलं नाही. हा पट्टा सैल कर, तो आवळ, चालून दाखव, धावून दाखव, बस, ऊठ, परत ये. नत्थूच्या अंगाचं माप त्याआधी कोणी घेतलं नव्हतं. सदरे मिळायचे ते दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेले, आणि जोडे नव्हतेच. ऊन वर आलं तेव्हा कुठे पिट्ठूचा भार खांद्यांवरून सरकून कमरेवर बसला आणि मान मोकळी झाली. उस्ताद म्हणाला, "अब तेरा है." नत्थूने समोर पाहिलं. सगळं मैदान दिसत होतं.

लढाई संपली. पलटणीतून नाव कमी झालं, किट स्टोअरात जमा झालं, आणि नत्थू पुलगावला येऊन जिनात लागला.

ते सामान पुन्हा दिसायला लागलं ते बाजारात. लष्कराचं जुनंपानं लिलावात निघायचं, व्यापारी ते ढिगाने उचलायचे आणि आठवडी बाजारात मांडायचे. त्या पट्ट्यांचा, थैल्यांचा उगम कोणाला ठाऊक नव्हता आणि कोणी विचारतही नव्हतं. भाजीवालीने चिल्लर ठेवायला काडतुसांची थैली घेतली होती. गाडीवानांनी बाटल्या घेतल्या होत्या. एका न्हाव्याचा सगळा संसार पिट्ठूत मावत होता. नत्थू अण्णाजीच्या ढिगापाशी बसायचा. अण्णाजी हा पुलगावचा भंगारवाला, बोलायला तिखट.

"काय पाह्यजे ते सांग ना," अण्णाजी म्हणाला. "ढीग काऊन उपसून राह्यला?"

"जोडी पाहून राह्यलो."

"जोडी? बैलं घ्याले आला काय तू?"

 नत्थूने एका थैलीचं पितळी टोक अंगठ्याने घासलं. काळ्या थराखाली लष्करी मालावरची बाणाची खूण आणि साल दिसलं. सुताची वीण उन्हाशी धरून त्याने कुठे धागा कुजलाय का ते पाहिलं, बकल ओढून पाहिलं, आणि ती थैली बाजूला ठेवली. दुसरी तिच्यासारखी मिळायला पुढे वर्ष गेलं.

आठवड्याची एक सुटी, ती त्यात जायची. आष्टीच्या बाजारात एका खाटकाच्या कमरेला सुरीसाठी संगिनीचं घर लटकलेलं दिसलं, तर नत्थू दिवसभर त्याच्या दुकानासमोर बसून राहिला. शेवटी खाटीक कंटाळला. दोन्ही खांदपट्टे तर समुद्रपूरकडे एका बैलाच्या गळ्यात सापडले. बैल रूपराव पाटलांचा. नत्थूने घरी वळलेला अंबाडीचा नवा दोर त्यांच्यापुढे ठेवला.

"पाटील, हा दोर घ्या न् ते पट्टे द्या."

रूपरावांनी दोर ओढून पाहिला. "दोर नवा, पट्टे जुने. तुले काहीतरी माहीत हाय जे मले नाई."

"मले एवढंच माहीत हाय, का ते माणसाचे हायेत."

"बैल त तसं काही बोलला नाई," रूपराव म्हणाले. पण त्यांनी पट्टे सोडून दिले.

नत्थूची बायको पंचफुला शेतात मजुरीला जायची. तिला हे पटत नव्हतं. "सुटीच्या दिवशी माणूस निजते," ती म्हणायची. "हे बाजारात जातेत, न् दमून येतेत, न् हातात काय त पट्टा." नत्थू ऐकून घ्यायचा. पट्टा कोमट पाण्यात भिजवायचा, दातवणाच्या काडीने विणीतली माती काढायचा, सावलीत वाळवायचा. पितळ राखेने घासायचा. एकदा त्याचा चुलतभाऊ प्रेमदास याने विचारलं की एवढं जमवून करायचं काय. प्रेमदास सातवी शिकलेला, कापड गिरणीत कामाला, कुठलीही गोष्ट विचारल्याशिवाय न सोडणारा. नत्थू म्हणाला, "घरात एक त ओझं माह्या मापाचं असू दे."

पाण्याची बाटली सगळ्यांत शेवटी मिळाली. संच पूर्ण झाला तेव्हा नत्थूने तो एकदाच अंगावर चढवला, घरातल्या घरात, दार लोटून. मग आतल्या भिंतीला जाड खुंटी ठोकून सगळं एकत्र लटकवलं. शेजारीच कोनाड्यात देव होते.

गडबड तिथूनच सुरू झाली. दसऱ्याला पंचफुलाने विळा, खुरपं, कुऱ्हाड धुऊन मांडली, हळदकुंकू लावलं. हात किटाकडे गेला तेव्हा नत्थू म्हणाला, "त्याले नोको."

"खुरप्याची पूजा होते, याची काऊन नाई? खुरप्यापेक्षा जास्त लाड याचे होतेत."

नत्थू रात्रपाळी करून आला होता. तो आडवा झाला आणि झोपला. उठला तेव्हा पिट्ठूवर हळदीची पाच बोटं उमटली होती आणि खांदपट्ट्यात आपट्याची पानं खोचली होती.

दोन घरं पलीकडे शकुबाई राहायची. तिच्या पोरीला ताप यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. सरकारी दवाखान्यातून ती पोरीला घेऊन येत होती. वाटेत पंचफुलाकडे टेकली आणि जाताजाता तिने पोरीचा हात पिट्ठूला लावला. ताप उतरला. दवाखान्यातल्या कडू गोळ्या शकुबाईच्या पदरातच होत्या आणि पोरीने त्या घेतल्याही होत्या. पण वस्तीत नाव झालं ते पिट्ठूचं. मग कोणी लिंबू बांधून गेलं, कोणी कुंकू लावून. बाया त्याला शिपाईबाबा म्हणायला लागल्या.

"माय," नत्थूने एकदा आईला विचारलं, "त्या बाया पिट्ठूले काय सांगून राह्यल्या?"

सीताबाई शेंगा सोलत होती. "तुले काय कराचं? तुले थोडंच सांगून राह्यल्या?"

कामावरून आल्यावर दारात चपला दिसल्या की नत्थू ओट्यावरच बसायचा. आत जाऊन त्या बायांना उठवायची ताकद त्याच्यात नसायची. असं दोन वर्षं चाललं.

छप्पन सालच्या दसऱ्याला सारी वस्ती पांढऱ्या कपड्यांत नागपूरला गेली. बाबासाहेबांच्या सभेत धम्म घेऊन परत आली. सीताबाई आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत बसली ती त्या वेळी. परतल्यावर प्रेमदासने बैठक बोलावली. ठरलं ते असं, की आता घरात जुने देव नाहीत. रविवारी सगळ्या घरचे देव एकत्र करून वर्धा नदीत सोडायचे. नाही म्हणणारं कोणी नव्हतं. नत्थूही नव्हता. त्याने तर हात वर करून हो म्हटलं होतं.

शुक्रवारी प्रेमदास घरोघर फिरत त्यांच्याकडे आला. सीताबाईने कोनाड्यातले टाक स्वतः काढून दिले, शेंदूर लावलेला मरीमायचा दगड दिला, आणि कोनाडा पदराने पुसून घेतला. ती रडली नाही. प्रेमदासने खुंटीकडे पाहिलं.

"नत्थूदादा, ते बी काढ."

"ते किट होय."

"किट होय त त्याले हळदकुंकू काऊन? लिंबू काऊन? शकुबाई परवा पोरीले घेऊन आलती ते काय बकल पाहाले?"

"मी पडलो काय त्याच्या पाया?"

"तू नाई पडला. पण तू कोणाले उठवलं बी नाई."

नत्थू बाहेर ओट्यावर जाऊन बसला. प्रेमदास ओट्यावर त्याच्याजवळ बसला. त्याचा आवाज उतरला. "दादा, देवकाबाईचा खंडोबा मी माह्या हातानं उचलला. बुढी लय रडली. आता ते मले विचारीन, नत्थूचा देव काऊन राह्यला. काय सांगू मी?"

"सांग, का तो देव नाई होय."

"मंग तसा दिसू दे त्याले."

एवढी सवलत मिळाली. रविवारपर्यंत किट साफ झालं तर ते सामान, नाही झालं तर नदी.

शनिवारी पहाटपाळी करून नत्थू दुपारी घरी आला. निंबाखालच्या दगडावर न बसता आला, त्यामुळे अंगात काही उरलं नव्हतं. त्याने पाणी तापवलं, त्यात धुण्याचा सोडा टाकला आणि पट्टे सुटे करून बुडवले. दोन वर्षांची हळद. ब्रशाने घासायला घेतली तशी ती जायच्या ऐवजी लाल व्हायला लागली. तो आणखी सोडा टाकत गेला, ती आणखी लाल होत गेली. शेवटी पिट्ठूवर कोणी मूठभर कुंकू ओतल्यासारखं दिसायला लागलं.

पंचफुला दारात येऊन उभी राहिली. 

"हळदीले सोडा लावते काय कोणी?" ती म्हणाली. "हळदीचं लुगडं कधी धुतलं असतं त समजलं असतं."

"मंग काय लावते?"

"ऊन लावते. उन्हानं जाते आपोआप."

"उद्या जाचं हाय."

ती आत गेली आणि पट्ट्यावरून सोडून ठेवलेली दोन लिंबं घेऊन आली. विळीवर कापली, आणि लाल डागांवर पिळून चोळायला लागली. लाल रंग मागे हटून पिवळा परत आला. फिकट पिवळा, पण पिवळाच. दोघं अंगणात उकिडवे बसून किटावर लिंबं पिळत होते, तेवढ्यात कुंपणाशी प्रेमदास उभा राहिला.

"वहिनी," तो म्हणाला, "मी साफ कराले सांगितलं होतं. लिंबू वाहाले नाई."

"ये मंग, तूच धू," पंचफुला म्हणाली. "सातवी शिकला न् हळद कशानं जाते हे मास्तरनं नाई सांगितलं?"

प्रेमदास हसला. मग नत्थूच्या तोंडाकडे पाहून त्याने हसू आवरलं. किट रात्रभर दोरीवर राहिलं. सकाळच्या उन्हात डाग आणखी उतरले. तरी दिसायचे ते दिसतच होते.

रविवारी सगळे देव समाजमंदिराच्या ओट्यावर जमा होते. पितळेचे, चांदीचे, दगडाचे, काही नुसतेच बिनचेहऱ्याचे तांदळे. वस्ती जमली आणि काम अडलं. देव न्यायचे कसे? एका पोराने टोपलं आणलं. देवकाबाई म्हणाली, "ते शेणाचं टोपलं होय. आमी यायले सोडलं, पण शेणात नाई बसवलं." पाटीत घालून डोक्यावर न्यावे, तर प्रेमदास म्हणाला की डोक्यावर घेतले तर ती पालखी झाली. हातात एकेक धरावा, तर मिरवणूक झाली. बैलगाडी कोणाकडे नव्हती, आणि गावातून मागायची कोणाची इच्छा नव्हती. ऊन चढायला लागलं. दोन्हीकडचे आवाज वाढले.

नत्थू भिंतीला टेकून उभा होता. धुतलेलं किट त्याच्या हातावर होतं, प्रेमदासला दाखवायला आणलेलं. त्याला दुपारपाळीला जायचं होतं.

"पिट्ठूत भरा," तो म्हणाला.

कोणी ऐकलं नाही. त्याने पेटी कमरेला आवळली, खांदपट्टे घातले, पिट्ठू पाठीला लावला आणि खाली बसला. "भरा लवकर. पाठीवर ओझं असते, पालखी नाई."

देवकाबाईने विचार केला आणि पहिला खंडोबा तिनेच आत ठेवला. मग सगळे ठेवायला लागले. दगड खाली, टाक वर, अशी मांडणी नत्थूनेच सांगितली. भार पाठीच्या जवळ असला की कमी लागतो. सगळं मावलं. प्रेमदासने झाकणाचे पट्टे ओढले. "दादा, हे सामानच होय," तो हळू आवाजात म्हणाला. "मी सांगतो सगळ्यायले."

नत्थू उठला. पायवाटेने वस्ती त्याच्या मागे चालत नदीपर्यंत गेली. ओझं जड होतं, पण भार कमरेवर होता आणि त्याला समोरचा काठ, पाणी, पलीकडचं तुरीचं शेत दिसत होतं. गुडघाभर पाण्यात जाऊन त्याने पिट्ठू उलटा केला. देव पाण्यात गेले. वर आले ते शेंदरातल्या तेलाचे थेंब, आणि ते प्रवाहाने पसरले. तो तसाच ओल्या कपड्यांनी पाळीला गेला.

किट पुन्हा खुंटीवर आलं. प्रेमदासने शब्द पाळला, कोणी बोट दाखवलं नाही. दिवाळी गेली. नत्थूला वाटलं, संपलं.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी तो पाळीवरून आला तर आत शकुबाई पोरीला घेऊन उभी होती. पोर तापाने लाल झालेली. शकुबाईच्या मुठीत लिंबू होतं. नत्थू दारातच थांबला. या वेळी तो ओट्यावर बसला नाही.

"शकुबाई, तू हात वर केलता ना बैठकीत?"

"केलता ना भाऊ. देव सोडले मी." ती गोंधळली. "हा त देव नाई होय. पण साऱ्या वस्तीचे देव याच्यातच बसून गेलते. थोडंतरी राह्यलं असन ना याच्यात."

नत्थू खुंटीकडे बघत राहिला. सीताबाई कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "मी बी जोडते हात सकाळी. तुले नाई सांगितलं. कोनाडा रिकामा पडला, हाताले सवय हाय. कुठीतरी जोडा लागते."

"काऊन नाई सांगितलं, माय?"

"तू दमून येतं."

त्याने किट उतरवलं. खांदपट्टे सोडले, थैल्या सोडल्या, बकलं उलटी सरकवली. काही पट्टे सोड्याने कडक झाले होते, ते ओढावे लागले. पिट्ठू वेगळा झाला तेव्हा तो त्याने पंचफुलापुढे टाकला. ती शेण गोळा करायला निघाली होती.

"हे घे. टोपलं राहू दे."

"यात?" पंचफुला म्हणाली. "यात शेण भरू?"

"भर."

"किती वर्षं हिंडले तुमी याच्यासाठी. लोकायच्या दारात बसले. आष्टीले त उपाशी बसले." ती पिट्ठूला हात लावेना. "धुऊन ठेवू ना. लोखंडी पेटीत ठेवू. कोणाले नाई दिसणार."

"पेटीले हात जोडतीन." नत्थू खाली बसला. "पंचफुला, माह्यात आता लोकायले उठवाची ताकद नाई. तू भर."

तिने पिट्ठू उचलला. जाताना एकदा मागे वळून पाहिलं, पण तो डोळे मिटून बसला होता.

शकुबाईला त्याने पोरीसकट दवाखान्यात नेऊन सोडलं. येताना दोन्ही थैल्या भाजीवालीला देऊन आला. बाटली जिनातल्या एका हमालाला, संगिनीचं घर विळ्यासाठी शेजारी. खांदपट्टे आणि कमरेची पेटी नुसती कोणाच्या कामाची नव्हती. ती त्याने बाजेला विणून टाकली, जिथे सुंभ तुटला होता तिथे.

दुपारी प्रेमदास धावत आला. अंगणात पिट्ठू उघडा पडला होता, काठापर्यंत शेणाने भरलेला, आणि पंचफुला त्यातून गोळे काढून भिंतीवर गोवऱ्या थापत होती. ती कोणाकडे बघत नव्हती.

"दादा, मी असं नोतं म्हटलं," प्रेमदास म्हणाला. "मी त सामान होय म्हणून सांगितलं होतं सगळ्यायले. राहू द्याचं होतं."

"सामानच होय," नत्थू म्हणाला. तो बाजेवर आडवा झाला होता. "कामाले लागलं."

 प्रेमदासने पिट्ठूकडे पाहिलं, पंचफुलाच्या पाठीकडे पाहिलं, आणि तो बाजेच्या कडेला टेकला. सीताबाई आतून बाहेर आली, ऊन अंगावर घेत उंबऱ्याशी टेकली. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते.

"शकूच्या पोरीचं काय?" तिने विचारलं.

"सुई देल्ली," नत्थू म्हणाला. "उद्या परत बोलावलं. मीच नेईन. पाळी झाल्यावर."

"तू काऊन? मी नेतो," प्रेमदास म्हणाला. "तू नीज."

नत्थूने हो म्हटलं की नाही ते कळलं नाही. पंचफुला हात धुऊन आली, चुलीत दोन काटक्या सरकवल्या, आणि चहाचं आधण ठेवलं.